सील न फोडलेला माल

आमच्या मधल्या खोलीत आता कुणाला झोपता येत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल बॉक्स रचलेले आहेत. बॉक्सवर विमानाचं चित्र आहे आणि विमानाच्या तोंडातून जाळ निघालाय. नवा पाहुणा आला की विचारतो, हे काय? मी सांगते, टीव्हीवर खेळायचा खेळ आहे, एक घेऊन जा. तो हसतो आणि चहा संपवून उठतो. जुने पाहुणे विचारतही नाहीत.

हे बॉक्स माझ्या मुलाने आणले. एकुलता एक आहे. सैन्यात होता, सुटून आला. लोकांना वाटतं सैन्यात गेला म्हणजे सीमेवर बंदूक घेऊन उभा राहिला. हा स्टोअरला होता. बूट, ब्लँकेट, तंबू, भांडी, जे येईल ते मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं. तिथला नियम असा की पेटीचं सील शाबूत असेल तर माल शाबूत. सील फोडलं की आत काय कमी-जास्त निघेल त्याला फोडणारा जबाबदार. म्हणून घेणारा सील बघतो, पेट्या मोजतो आणि सही करतो. त्याने नोकरीभर तेच केलं. कधी खोट निघाली नाही. सैन्यात हा नियम चांगला असेल. बाहेर त्याने माणूस बुडतो.

आम्ही म्हैस घेतो तेव्हा व्यापाऱ्याच्या शब्दावर घेत नाही. दारात बांधून घेतो, संध्याकाळची धार काढतो, सकाळची काढतो, मग भावाचं बोलतो. व्यापारी एक वेळची धार चुकवून, कास तुंबवून म्हैस बाजारात आणतो आणि नुसतं बघणारा फसतो. हे माझ्या मुलाला लहानपणापासून माहीत होतं. पण फौजेने ते त्याच्या डोक्यातून पुसून टाकलं.

लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा पुण्याकडच्या एका कंपनीने पोरांच्या अभ्यासासाठी स्वस्तातला कॉम्प्युटर काढला होता. त्याला वेगळा पडदा नाही, वेगळी पेटी नाही. बटणांची एक जाड काळी पाटी, तिलाच की-बोर्ड म्हणायचं, आणि सगळं यंत्र तिच्या पोटात. वायर घरच्या टीव्हीला लावायची की झाला कॉम्प्युटर. आमच्या शेजारी एक मास्तर राहतात, त्यांच्याकडे होता तसला. त्यांची नात बटणं बडवायची आणि टीव्हीवर अक्षरं उमटायची. मी भिंतीपलीकडून खडखडाट ऐकायची.

मग शाळा उघडल्या. तो कॉम्प्युटर कुणी घेईना. कंपनीकडे ढिगाने माल पडून राहिला. तेव्हा कंपनीने काय केलं, बटणं काढून टाकली, वरून लाल झाकण बसवलं, हातात धरायच्या दोन मुठी जोडल्या आणि टीव्हीवरचा खेळ म्हणून नव्या बॉक्समध्ये भरला. यंत्र तेच. म्हातारीला नवं लुगडं नेसवून नवरी म्हणून उभी करावी तसं. हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं.

मुलाला कळलं ते एवढंच, की सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांसाठी कंपनीला माल विकत घेऊन विकणारा माणूस पाहिजे. तो पुण्याला गेला. तिथे मोठ्या टीव्हीवर खेळ चालू होता, विमानं उडत होती, जाळ निघत होता. मुलाने मूठ हातात धरून पाच-दहा विमानं पाडली. गोदामात गेला. बॉक्स मोजले, सील तपासलं, सही केली. सैन्यातून सुटताना मिळालेला बराचसा पैसा तिथे गेला. टेम्पो दारात आला तेव्हा सुनेने टेम्पोला नारळ फोडला.

मी म्हटलं, "एक फोडून दाव की, काय हाय ते बघू."

"आई, सील फोडलं की माल जुना हुतो," तो म्हणाला. "तुला बघायचं तर दुकानात बघ, तिथं त्यांनी एक चालू करून दिलाय."

साताऱ्यात स्टँडपासून जवळ त्याने गाळा घेतला होता. कंपनीचा माणूस येऊन एक यंत्र टीव्हीला जोडून, चालू करून देऊन गेला होता. मुलगा ते बंदच करत नसे. रात्रीसुद्धा टीव्ही तेवढा बंद करायचा, यंत्र चालूच. येणारा-जाणारा काचेतून विमानं बघायचा. सगळी बघायची, घ्यायचं कोण? ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये ह्याच्यापेक्षा चांगला खेळ फुकट. शाळेतली पोरं दुकानात यायची, एकदा खेळायची आणि म्हणायची, "काका, हे लय जुनं वाटतंय."

घेतला तो त्याच्याबरोबर नोकरी केलेल्या लोकांनी. त्याच्या खेळावर कुणाचा विश्वास नव्हता, त्याच्यावर होता. सांगली जिल्ह्यात, तासगावच्या बाजूला माझ्या सुनेचं माहेर आहे. त्याच गावात एक सुभेदार आहेत, मुलगा त्यांच्या हाताखाली होता. त्यांनी स्वतः एक घेतला आणि दहा जणांना सांगितलं, "पोरगं आपल्या स्टोअरचं हाय, डोळं झाकून घ्या." लोकांनी डोळे झाकून घेतले. पोरं मोबाईलमधनं बाहेर निघतील अशी त्यांची आशा. लोकांनी बॉक्स घरी नेऊन कपाटावर ठेवले, कारण ते पोरांना यात्रेला द्यायचे होते, नवे कपडे देतात तसे.

त्या गावची यात्रा चैत्रात असते. सुभेदारांनी ठरवलं, पोरांच्या पळण्याच्या शर्यतीत पहिल्याला हा खेळ बक्षीस, आणि बक्षीस देताना तो मोठ्या पडद्यावर चालू करून दाखवायचा. मुलाने इस्त्रीचा शर्ट घातला. मी आणि सूनही गेलो होतो. देवळापुढे पडदा लावलेला, माणूस मावत नव्हतं. शर्यत झाली, एक मुलगी पहिली आली. मुलाने सगळ्यांसमोर बॉक्सचं सील फोडलं. त्याने फोडलेलं ते पहिलं सील.

वायरी लावल्या. पडद्यावर विमान आलं, जाळ निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग विमान थांबलं आणि खाली इंग्रजी अक्षरं आली. मुलाने मुठीवरचं बटण दाबलं. काही नाही. दुसऱ्या मुठीवरचं दाबलं. काही नाही. अक्षरं उघडझाप करत राहिली. एक शिक्षक माईकजवळ उभे होते, त्यांनी वाचून सांगितलं, "खेळ सुरू करण्यासाठी की-बोर्डवरचं बटण दाबा, असं लिहिलंय."

की-बोर्ड होता कुठे? तो तर कंपनीने काढून टाकला होता. काढला, पण आतल्या खेळाला ते कुणी सांगितलं नव्हतं. तो बिचारा बटण दाबायची वाट बघत बसला होता. पुण्यात आणि साताऱ्याच्या दुकानात कंपनीच्या माणसाने आधीच कसातरी चालू करून ठेवला होता म्हणून तिथे विमानं उडत होती.

यात्रेतलं माणूस असल्या वेळी दया करत नाही.

"आवं फौजी, बटण बायकुच्या पेटीत ऱ्हायलं का बघा!"

"पाव्हण्यानं गाडी आणली, बैल घरी इसरला!"

"सुभेदारसाहेब, नारळ फोडा, नारळानं चालू हुतंय का बघू!"

हसून हसून माणसं खाली बसली. ती पहिली आलेली मुलगी यंत्राकडे बघत उभीच होती. मुलगा एकेक बटण पुन्हा पुन्हा दाबत होता. मी पुढे गेले आणि वायर उपटली. पडदा काळा झाला. सुभेदारांनी मुलीच्या हातात खिशातल्या नोटा कोंबल्या आणि तडक घरी गेले.

घरी आल्यावर मुलाने एक बॉक्स उघडून स्क्रू-ड्रायव्हरने झाकण काढलं. आत तीच काळी पाटी, शेजारच्या मास्तरांकडची. बटणांच्या जागी भोकं, आणि भोकांवर प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली. तो म्हणाला, "आई, हा कॉम्प्युटरच हाय गं." साताऱ्यातून एक की-बोर्ड विकत आणला, पण तो जोडायची जागाच कंपनीने कापून टाकली होती. यंत्रात आणखी दोन-तीन किरकोळ खेळ होते, ते चालायचे. पण ज्याचं चित्र बॉक्सवर होतं तो एकाही यंत्रावर चालेना. कंपनीला फोन केला तर आधी म्हणाले बघतो, मग उचलेनात. पुण्याला जाऊन आला. तिथे आता फरशीचं दुकान होतं.

त्यानंतर तो निजला तो उठेना.

आजारी नव्हता. डॉक्टरने तपासून सगळं ठीक सांगितलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. सैन्यातला माणूस, रोज पहाटे उठून दाढी करणारा, त्याची दाढी वाढली. हाक मारली तर ओ द्यायचा नाही. ताट ठेवलं तर एखादा घास, नाहीतर तसंच. फोन वाजला की उशी डोक्यावर घ्यायचा. सुनेने गोड बोलून पाहिलं, रडून पाहिलं, एक दिवस ताट आपटून पाहिलं. काही उपयोग नाही. मी माझ्या स्वभावाप्रमाणे शिव्या दिल्या. त्याने ऐकल्या की नाही तेही कळलं नाही.

एकदा मात्र बोलला. मी त्याच्या पायाशी ज्वारी निवडत बसले होते. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "आई, माझं नाव त्या गावात कुणी घेतलं तर माणसं हसत्यात. मी नसतो तर बरं झालं असतं."

माझा हात सुपातच राहिला. मी म्हटलं, "असलं बोलायचं न्हाई."  त्या दिवशी गोठ्यातल्या फळीवरची तणनाशकाची बाटली उचलली आणि भावकीतल्या एका घरी ठेवून आले. त्यांनी का विचारलं नाही. आमच्याकडे हे विचारावं लागत नाही, दर दोन-चार गावांत एखादं घर असतंच. विहिरीवर जायच्या वाटेला मी माझी बाज टाकली. सून माहेरी चालली होती, तिला जाऊ दिलं नाही. "दोघी मिळून एकाला बघू," म्हटलं, "तू गेलीस तर मी झोपू कवा?" ती थांबली. तिचा जीव माझ्याइतकाच टांगणीला लागला होता, पण तिला बोलता येत नव्हतं. मी सत्तरी ओलांडलेली बाई. नवरा गेला, दीर गेले, सगळं बघितलं. पण पोटचा मुलगा जिवंत असून पुढे पडलाय आणि आपल्याला काही करता येत नाही, असा काळ मी बघितला नव्हता. साताऱ्याला मनाच्या डॉक्टरकडे नेऊ म्हटलं तर उठवायचं कसं, चौघांनी उचलून का?

एक दिवस दुपारी सुभेदार आले. मुलाने आवाज ओळखला. पहिल्यांदाच स्वतःहून माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, "न्हाई म्हणून सांग. गावाला गेलाय म्हण."

मी बाहेर येऊन म्हटलं, "आत हाय. उठत न्हाई. गावाला गेलाय म्हणून सांगाय लावलंय."

सुभेदार दारातूनच ओरडले, "ऊठ! खडा हो!" आत बाज करकरलीसुद्धा नाही. ते दोनदा ओरडले. मग ओसरीवर बसले आणि चहाचा कप तसाच बाजूला ठेवला.

"आक्का, मला बी बाहेर पडायची सोय ऱ्हायली न्हाई. माझ्या शब्दावर घेतलं लोकांनी. परवा सांगलीत आमच्या लोकांची बैठक हाय. तिथं हा विषय निघणार. ह्याला घिऊन जायला आलो हुतो. तोंडावर बोललं तर माणसं थंड हुत्यात."

"त्यो येत न्हाई. मी येते," मी म्हटलं.

"तुमी? तुमी काय करणार तिथं?"

"बसंन. ऐकंन."

सून घरी राहिली, त्याच्याजवळ. मी सुभेदारांबरोबर एसटीने सांगलीला गेले. एका कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये माजी सैनिक जमले होते, काहींच्या बायका होत्या, दोन-तीन विधवा होत्या. सुभेदारांनी सांगितलं, ही त्याची आई. मला वाटलं म्हातारी बघून जीभ आवरतील. नाही आवरली. मला ते बरं वाटलं.

एक जण म्हणाला, "त्यो तोंड लपवून बसलाय आन् आईला फुडं केलंय." दुसरा म्हणाला, "स्टोअरवाला कवा आपल्या खिशाबिगर काय बघतो व्हय?" सगळ्यांत जास्त बोलली ती एक विधवा. तिच्या दोन पोरी मोबाईल सोडत नव्हत्या म्हणून तिने तो बॉक्स घेतला होता.

"मावशी, राग मानू नका. पण येवढा माल कोण उघडून बघितल्याबिगर घेतंय? त्यानं बघितला असणार. बटण न्हाई हे त्याला ठावं असणार. कमिशन खाल्लं आन् आमच्या गळ्यात मारलं. फसला न्हाई त्यो, त्यानं फसवलं."

मान हलवणारे पुष्कळ होते.  मी बोलले असते तरी आईचं बोलणं कोण धरतो?

घरी येऊन मी मुलाच्या बाजेजवळ पाट घेतला आणि बसले. पाणीसुद्धा प्यायले नाही. कोण काय म्हणालं ते सगळं सांगितलं, एक शब्द कमी केला नाही. सून दाराआडून खुणा करत होती, "आवं आत्या, पुरे करा." मी केलं नाही. तोंड लपवून बसलाय, हे सांगितलं. तो हलला नाही. स्टोअरवाल्याच्या खिशाचं सांगितलं. हलला नाही. मग त्या बाईचं सांगितलं. बघून घेतलं, कमिशन खाल्लं, गळ्यात मारलं.

तो उठून बसला.

"कोण म्हणलं?"

"ती विधवा. आन् बाकीच्यांनी माना हलवल्या."

"मी बघितलं न्हवतं! सील हुतं! एक सील फोडलं असंल तर हात तुटू देत माझा! सुभेदारसाहेबांनी तरी सांगाय पायजे हुतं!" त्याचा आवाज फाटला. इतके दिवस न वापरलेला आवाज. "मला येडा म्हणू देत, काय बी म्हणू देत. लबाड कसं म्हणत्यात?"

"मला सांगून काय उपेग? मला ठावं हाय. तू येवढा हुशार असतास तर आपण आज बॉक्समधी झोपलो नसतो. ज्यांनी म्हटलंय त्यास्नी जाऊन सांग."

"त्ये ऐकत्यात व्हय?"

"न्हाई ऐकत. म्हणून घरी बसणार?"

त्याने गुडघ्यात डोकं घातलं. रडला. मी त्याला हात लावला नाही. सुनेला लावायचा होता, तिलाही लावू दिला नाही. उठलेला माणूस पुन्हा निजेल अशी मला भीती होती.

पुढच्या रविवारी सुभेदारांनी सांगलीत तीच माणसं पुन्हा बोलावली आणि तो निघाला. पिशवीत एक न फोडलेला बॉक्स आणि स्क्रू-ड्रायव्हर घेतला. त्या लोकांसमोर सील फोडायचं, झाकण काढायचं आणि आत काय आहे ते दाखवायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. मी बरोबर येऊ का विचारलं, तर नको म्हणाला. एसटी गेल्यावर मी रस्त्याच्या कडेलाच उभी राहिले. तो सांगलीला पोचेल का मध्येच कुठे उतरेल, ह्याची मला खात्री नव्हती. दुपारी सुनेने सुभेदारांना फोन केला. ते म्हणाले, आलाय, उतरलाय. तेवढं ऐकून ती चुलीपुढे जाऊन बसली आणि चूल पेटवायचीच विसरली.

दिवस मावळता तो परत आला. पिशवी जड होती. दोघांनी आपले बॉक्स त्याच्या हातात परत दिले होते.

"काय म्हणली माणसं?" मी विचारलं.

"येडा म्हणली."

"आन् ती बाई?"

"झाकण काढलं तवा जवळ यिऊन भोकं बघितली. मग म्हणली, ह्येच्यात माझ्या पोरींचं काय झालं?"

"बाकीच्यांनी मानलं?"

"दोघा-चौघांनी मानलं. एकजण जाताना बी लबाडच म्हणला."

सुनेने ताट वाढलं. तो बसला आणि भाकरी मोडली. एक खाल्ली, दुसरी मागून घेतली. आम्ही दोघी त्याच्या हाताकडे बघत होतो, ते त्याच्या लक्षात आलं आणि तो चिडला.

"काय बघताय? जेवू द्या की."

हात धुतल्यावर म्हणाला, "विट्याकडं बी बॉक्स घेतलेली दोघं हायत. त्यास्नी अजून सांगितलं न्हाई. उद्या पयली एसटी कितीला हाय?"